दादाची होडी आणि उतरलेलं पाणी

माझ्या मोठ्या भावाकडे शिडाची होडी होती. विक्रोळीच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचा एक गाळा चालवणाऱ्या माणसाकडे होडी कशी, हे नातेवाइकांना कधी उमगलं नाही. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारायचंच, होडी म्हणजे मासेमारीला का? दादा सांगायचा, नाही, नुसतीच फिरायला. मग समोरचा माणूस विषय बदलायचा.

ही होडी त्याच्याकडे कामातून आली. पवई तलावाच्या काठावर एक छोटासा क्लब होता. पत्र्याची शेड, उतरता सिमेंटचा रस्ता, पाच-सहा होड्या, बस. तिथल्या एका सभासदाच्या होडीचं सुकाणू मोडलं म्हणून तो दादाच्या गाळ्यावर बिजागऱ्या बनवून घ्यायला आला होता. दादाने त्या बनवल्या, बसवायला स्वतः गेला आणि त्या माणसाने त्याला एक चक्कर मारून आणली. पुढे तो माणूस मुंबई सोडून गेला, तेव्हा होडी दादाकडे आली. दोन माणसं बसतील एवढी, फायबरची, पांढरं शीड ठिगळं लावलेलं. आमचे वडील मालवणाकडून येऊन गिरणीत लागले आणि आयुष्यभर समुद्राबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या वडलांचं गलबत होतं, एवढंच आम्हाला माहीत. दादा म्हणायचा, मधली एक पिढी कोरडी गेली.

पन्नाशीच्या आत त्याला काचबिंदू झाला. झाला म्हणजे आधीच होता, कळला उशिरा. लेथवर मापं चुकायला लागली, बाजूला ठेवलेलं हत्यार दिसेना, तेव्हा घाटकोपरला डॉक्टरांकडे गेलो. बाजूची नजर गेलेली होती, मधली तेवढी नळीतून बघितल्यासारखी शिल्लक होती, आणि तीही जाणार होती. पुढच्या काही वर्षांत ती गेलीच. गाळा बंद झाला. मशीन ज्या दिवशी टेम्पोत चढवलं त्या दिवशी दादा घरीच थांबला. मी जाऊन सह्या करून आले.

होडी मात्र त्याने विकली नाही. मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सकाळची पाळी, त्यामुळे दुपारनंतर मोकळी. लग्न केलं नाही, मुलुंडला एकटी राहते. क्लबचे सेक्रेटरी, एक निवृत्त इंजिनीयर गृहस्थ, त्यांनी अट घातली की डोळस माणूस बरोबर असेल तरच दादाला पाण्यात जाऊ देऊ. तो डोळस माणूस म्हणजे मी. मला पोहता येत होतं, बाकी काही नाही. शीड कुठल्या दोराने चढतं ते दादाने मला दोर हातात देऊन शिकवलं.

तेव्हापासून रविवारची दुपार तलावावर. सुकाणूचा दांडा त्याच्या हातात, पुढे मी. माझं काम बोलायचं. डावीकडे जलपर्णी आली, पुढे दुसरी होडी आहे, बांध जवळ येतोय, असं सतत सांगत राहायचं. वारा त्याला सांगावा लागत नसे. तो मान जराशी फिरवून दोन्ही कानांवर वारा सारखा लागतो का बघायचा आणि त्याला दिशा कळायची. किनाऱ्यावरचे आवाज त्याला पाठ होते. एका बाजूला लिंक रोडची गाड्यांची घरघर, एका बाजूला हॉटेलचा जनरेटर, टेकडीकडून पक्षी. आणि तळ पाठ होता. कुठे खडक, कुठे उथळ, गणेश घाटासमोर किती आत गेलं की पाणी एकदम खोल होतं, हे सगळं त्याच्या डोक्यात डोळे शाबूत होते तेव्हापासून बसलेलं होतं. घरात तो भिंतीला हात लावत चालायचा. वहिनी त्याच्या ताटात बोट ठेवून सांगायची, इथे भात, इथे आमटी. होडीत बसला की त्याचा आवाज बदलायचा. तिथे तो मला हुकूम सोडायचा, आणि मला ते आवडायचं.

अजून एक गोष्ट होती. दुपार कलली आणि ऊन शिडाच्या मागून आलं की त्याला शीड दिसायचं. शीड म्हणजे काय, एक उजेडाचा तुकडा, कडा नसलेला. बाकी सगळं करडं. डॉक्टर म्हणाले होते की हाही उजेड फार टिकणार नाही. दादाने हे मला सांगितलं, वहिनीला सांगितलं नाही.

मग एका वर्षी पावसाळा नावालाच झाला. एरवी जुलैमध्ये पवई भरून बांधावरून वाहायला लागतो आणि लोक भिजायला गर्दी करतात. त्या वर्षी पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत आलंच नाही. दिवाळीपर्यंत आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. होळी झाली आणि सिमेंटचा उतार संपून खाली चिखल दिसायला लागला. क्लबच्या लोकांनी उताराच्या पुढे बांबू टाकले, त्यावर फळ्या बांधल्या. होडी फळ्यांवरून ढकलत न्यायची. महिन्याभरात फळ्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा आणखी बांधल्या. पाणी आमच्यापासून मागे मागे सरकत होतं आणि आम्ही फळ्या घेऊन त्याच्या मागे.

होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडायची असते. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. ती असते म्हणून होडी वाऱ्याने बाजूला घसरत नाही, सरळ पुढे जाते. पाणी कमी झालं तशी ती तळाला घासायला लागली. दादाने ती अर्धी वर ओढून बांधली. मग होडी पुढे कमी आणि आडवी जास्त जायला लागली. आधी एका दमात जिथे पोचायचो तिथे चार फेऱ्या मारून पोचायचो. दादाच्या दांडा धरलेल्या हाताची शीर वर यायची.

माझ्या हातात आता बांबू आला. त्यावर दादाने हाताहाताच्या अंतराने चिंध्या बांधल्या होत्या. मी पुढे बसून बांबू खाली सोडायचे आणि सांगायचे, तीन चिंध्या, अडीच, तीन, दोन. तो ऐकून मनात ठेवायचा. घरी आल्यावर वहिनीला म्हणायचा, कणीक दे जरा. वहिनीला होडी कधीच आवडली नव्हती. ती परातीत मळलेली कणीक त्याच्यासमोर सरकवायची आणि दादा बोटांनी त्या कणकेचा तलाव करायचा. इथे बांध, इथे घाट, इथे आज बायने दोन चिंध्या सांगितल्या म्हणजे इथे उंचवटा. मला तो घरात बाय म्हणतो. मी बाजूला बसून चुकलं तर सांगायचे. सगळं झालं की तो परातीवरून हात फिरवत राहायचा, आणि मग वहिनी म्हणायची, झालं का अहो, मला चपात्या लाटायच्यात. तलाव गोळे होऊन पोळपाटावर जायचा.

दर रविवारी तो तलाव लहान होत गेला. एप्रिलच्या शेवटी दादाने एका ठिकाणी बोट ठेवून मला दोनदा विचारलं, इथे खरंच बेट आलंय? मी म्हटलं, हो, वर गवतसुद्धा उगवलंय. त्याने बोट उचललं. इतकी वर्षं त्या जागेवरून तो बिनधास्त होडी नेत होता.

मे महिन्यात शहरात पाणीकपात वाढली. विक्रोळीला दिवसाआड पाणी यायला लागलं. पहाटे नळ आला की वहिनी पिंप, बादल्या, पातेली, अगदी डबे भरून ठेवायची. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची आणि दादा पाठ केलेल्या घरात अडखळायला लागला. एकदा त्याच्या पायाने बादली सांडली. वहिनी पोतेरं घेऊन बसली. त्याच रविवारी आम्ही निघालो तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "घरात प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला होडी चालवायला पाणी पाहिजे." दादा म्हणाला, त्या तलावाचं पाणी कोण पितं? वहिनी म्हणाली, ते नाही म्हणत मी. आणि आत गेली.

क्लबातले बाकीचे लोक एकेक करून थांबले. कुणी होडी शेडमध्ये उलटी करून ताडपत्री टाकली, कुणी ट्रेलरला लावून शहराबाहेरच्या एका धरणाकडे नेली. सेक्रेटरींनी दादाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं. पाऊस पडेपर्यंत वर काढून ठेवू या, चार-सहा आठवड्यांचा प्रश्न आहे, होडी काही पळून जात नाही. दादाने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, होडी पळून जात नाही हे बरोबर आहे साहेब.  सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं तो कशाबद्दल बोलतोय, पण सांगण्याचा हक्क त्याचा होता. शेवटी ते म्हणाले, तुम्ही दोघं जबाबदारीने करणार असाल तर बांधाकडच्या खोल बाजूलाच राहा, वारा पडायच्या आत परत या.

जून कोरडा गेला. ढग यायचे, दुपारभर डोक्यावर बसायचे, घाम काढायचे आणि निघून जायचे. तलावाचा तळ उघडा पडला होता तिथे चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. बगळे, मेलेले मासे, प्लॅस्टिक. उरलेल्या पाण्याला हिरवा, आंबूस वास येत होता. शेवटच्या रविवारी दादाला तो वास लिंक रोडवर रिक्षातून उतरल्या उतरल्या आला. त्या रविवारी त्याने नाकाला रुमाल लावला नाही, पण चालताना माझा दंड नेहमीपेक्षा घट्ट धरला.

फळ्यांवरून होडी पाण्यापर्यंत नेताना मला ते दिसलं. गणपतीत मोठ्या मूर्ती तराफ्यावरून तलावाच्या आत, खोल पाण्यात नेऊन सोडतात. त्या खोल जागेतलं पाणी आता गेलं होतं. चिखलात मूर्तींचे तुकडे वर आले होते. रंग गेलेले हात, सोंडेचा भाग, लाकडी पाट, आणि गंजलेले लोखंडी सांगाडे. पुष्कळ होते. मी बोलायची थांबले.

"बाय, काय दिसता तां सांग," दादा म्हणाला. भीती वाटली किंवा घाई असली की तो मालवणीवर येतो.

मी आधी म्हटलं, काही नाही, चिखल आहे. मग सांगितलं. आमच्या गल्लीतली मूर्ती दर वर्षी इथेच यायची. दादाची नजर चांगली होती तोवर तो तराफ्यावर चढणाऱ्यांत असायचा. त्याने ऐकलं आणि चिखलाच्या दिशेने हात जोडले. दिशा थोडी चुकली होती. मी ती दुरुस्त केली नाही.

पाणी उरलं होतं ते बांधाच्या जवळ, मोठ्या तळ्याएवढं. वारा मात्र त्या दिवशी चांगला होता, पश्चिमेकडून, थोडा थोडा झोत घेत येणारा. शीड भरलं तशी होडी हलली आणि दादाचा चेहरा सैल झाला. ऊन खाली आलं होतं. दोन चकरा आम्ही नीट मारल्या. मी बांबू टाकत होते, अडीच, अडीच, तीन. तिसऱ्या चकरेला दादा वर बघत होता. मी विचारलं, दिसतंय? तो म्हणाला, आहे थोडंसं. मग म्हणाला, गेल्या आठवड्याएवढं नाही.

त्यानंतर झोत आला. होडी कलली आणि आडवी घसरायला लागली. सेंटरबोर्ड अर्धाच खाली होता, तो धरेना. मी ओरडून सांगितलं की आपण बांधाच्या कोपऱ्याकडे सरकतोय. दादा म्हणाला, सरकू दे, तिकडे तीन माणसं बुडतील एवढं खोल आहे, तिकडे वळवून घेतो. ते त्याच्या पाठ असलेल्या तलावातलं खरं होतं. कणकेच्या तलावात आम्ही त्या कोपऱ्यापर्यंत पोचलोच नव्हतो, तिकडे जायची वेळच कधी आली नव्हती. मी बांबू खाली टाकायला उचलला. तेवढ्यात होडीच्या खालून कर्कश आवाज आला आणि ती जागच्या जागी थांबली. पाण्याखालच्या एका सांगाड्याची सळई फायबरमधून आत आली होती. पाणी गढूळ, वरून काही दिसण्यासारखं नव्हतं.

पाणी आत यायला लागलं आणि होडी एका बाजूला झुकली. दादाने वर्षानुवर्षांच्या सवयीने जे करायचं तेच केलं. होडी उलटू नये म्हणून तो काठ धरून मागे पाण्यात उतरला. लाइफजॅकेट अंगावर होतं. खोल पाण्यात तो तरंगत राहिला असता. मला वाटलं आता त्याचं डोकं खाली जाऊन वर येईल. ते खाली गेलंच नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

"पाय लागतत गो," तो म्हणाला. जरा थांबून परत म्हणाला, "हय पाय लागूक नको होते."

मग तो खाली जायला लागला, हळूहळू. तळाचा गाळ त्याला मांड्यांपर्यंत घेऊन थांबला. पाणी छातीला आलं. त्याने एक पाय काढायचा प्रयत्न केला तर दुसरा आणखी रुतला. मी होडीत पोटावर झोपून त्याच्या जॅकेटचे पट्टे दोन्ही हातांनी धरले आणि ओढलं. काही झालं नाही. त्याने एक हात होडीच्या काठावर ठेवला होता आणि एक माझ्या मनगटावर. तो घाबरून हातपाय मारत नव्हता हे बरं. त्याच्या छातीचे ठोके मला पट्ट्यांतून जाणवत होते.

दूर उघड्या पडलेल्या चिखलावर एक मगर पडलेली मी आल्यापासून बघत होते. पवईत मगरी आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. भरल्या तलावात त्या कुणाच्या वाटेला जात नाहीत. ओढताना मी दादाशी बोलत होते; मान वळवून तिकडे बघितलं तर तिथे नुसता चिखल होता, आणि मी बोलायची थांबले.

मी हाका मारायला सुरुवात केली. बांधावर चार माणसं उभी होती, त्यांतल्या एकाने मोबाइल वर धरला. धावून आले ते दोन मासेमार. ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून हे लोक जाळं टाकतात. त्यांना तिथे मासे धरायला बंदी होती, आम्हाला बघून ते एरवी लांब जायचे. त्यातल्या एकाने ट्यूब दादाच्या काखेत सरकवली, दुसरा क्लबच्या फळ्या ओढत घेऊन आला. दोघांनी त्याला फळीवर पालथा घातला आणि पाय एकेक करून, मुळासकट काही उपटावं तसे, वर काढले. मग पालथाच चिखलावरून ओढत नेला. दादाने तोंड एका बाजूला वळवून धरलं होतं. सिमेंटवर आणून बसवलं तेव्हा त्याला कुणी ओळखलं नसतं. नखशिखान्त काळा, एक बूट गेलेला, डोळ्यांत चिखल. डोळे पुसायला कुणीतरी बाटलीतलं पाणी दिलं. तो म्हणाला, राहू दे, प्यायला ठेवा.

रिक्षावाले त्याला घेईनात. शेवटी सेक्रेटरींनी गाडीच्या सीटवर ताडपत्री टाकून आम्हाला घरी सोडलं. 

वहिनीने दार उघडलं आणि एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागले तर तिने हातानेच थांबवलं. त्याला मोरीत स्टुलावर बसवलं. दुसऱ्या दिवशी नळ येणार नव्हता. पिंप भरलेलं होतं, दोन दिवसांचं. तिने तांब्या घेतला आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतायला लागली. केस, कान, बोटांच्या बेचक्या, नखं. पाणी काळं जायचं, ती पुन्हा ओतायची. पिंपाचा तळ तांब्याला लागून वाजला तेव्हा दादा म्हणाला, पुरे. ती म्हणाली, अजून पाठ राहिलीय. आणि शेजारणीकडून एक बादली मागून आणली. त्या दिवसांत कुणी कुणाकडे पाणी मागत नसे.

मी निघाले तेव्हा दादाने मला थांबवलं. वहिनी आत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मगर होती ना?"

मी विचारलं, तुला कसं कळलं.

"तू बोलायची थांबलीस."

पाऊस जुलै अर्धा उलटल्यावर आला आणि आला तो भरपाई केल्यासारखा. दोन आठवड्यांत पवई भरला, बांधावरून वाहायला लागला. होडी त्याच्या आधीच क्लबच्या माणसांनी ओढून वर आणली होती. भोकावर फायबरचा थर चढवून ती नीट केली. श्रावणात सेक्रेटरींचा फोन आला की होडी तयार आहे, या. तोवर दादाचा उरलेला उजेड गेला होता. कधी गेला ते त्याला नेमकं सांगता येत नव्हतं. तो म्हणायचा, एक दिवस खिडकीकडे तोंड करून बसलो होतो आणि तुझी वहिनी म्हणाली भिंतीकडे काय बघताय.

तरी आम्ही गेलो. मीच जबरदस्ती केली म्हटलं तरी चालेल. मला वाटत होतं, पाण्यावर गेला की तो पूर्वीसारखा होईल. वारा बेताचा होता, तलाव काठोकाठ. सेंटरबोर्ड पूर्ण खाली सोडला, होडी सुतासारखी सरळ निघाली. मी बोलत होते. पुढे मोकळं आहे, डावीकडे मोकळं आहे. त्याने विचारलं, पाणी किती? मी बांबू टाकला, म्हटलं, टेकत नाही. थोडं पुढे गेल्यावर परत विचारलं. टेकत नाही. परत विचारलं. मग त्याने स्वतः बांबू मागितला आणि माझ्या हातात दांडा देऊन, होडीच्या काठावर ओणवा होऊन, तो खांद्यापर्यंत हात बुडवून खाली धरला. बांबू टेकला नाही. त्याने तो वर घेतला, पाणी निथळू दिलं, आणि तसाच मांडीवर धरून बसला.

मी म्हटलं, दांडा घे. तो म्हणाला, राहू दे, तू घे.

मी होडी परत आणली. मला जमली. काठाला लागताना फक्त थोडी आपटली.

दिवाळीच्या आधी दादाने होडी विकली आणि अंधेरीचं एक तरुण जोडपं ती न्यायला आलं. नेणार कुठे नव्हते, त्याच क्लबात ठेवणार होते. दोघंही कंपनीतून सुटून आलेले, गळ्यात ओळखपत्रं तशीच. दादाने त्यांना शिडाची ठिगळं हाताने चाचपून दाखवली, सुकाणूच्या बिजागऱ्या दाखवल्या, त्यांना तेल कधी द्यायचं ते सांगितलं. मग तलावाचा तळ सांगायला लागला. घाटासमोर इतकं आत गेलं की खोल, टेकडीच्या बाजूला खडक, बांधाच्या कोपऱ्यात लोखंड आहे, तिकडे वारा ढकलतो, सांभाळा. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. मुलगा म्हणाला, काका, ते लोखंड पाऊस यायच्या आधी काढलं ना, पाणी कमी होतं तेव्हा. ट्रक भरून नेलं, आम्ही व्हिडिओ बघितला.

दादा म्हणाला, असं का. बरं झालं.

त्यांनी होडी पाण्यात ढकलली तो आवाज त्याने ऐकला. फायबर सिमेंटवरून घासल्याचा, मग पाण्याचा, मग मुलीचं हसणं. शीड चढताना दोर कुठेतरी अडकला असावा, मुलगा तिला काहीतरी सांगत होता. मी काही बोलले नाही आणि दादानेही विचारलं नाही. थोड्या वेळाने आम्ही रस्त्यावर आलो. रिक्षा मिळेना, ऑफिसं सुटायची वेळ झाली होती, लिंक रोड तुंबलेला होता. बसस्टॉपच्या बाकावर मी त्याला बसवलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिले.